हीच की स्वारगेटची गाडी!

मांजरसुंब्याचा माणूस रस्ता चुकत नाही. बीडकडनं घाट चढून वर आलं की बालाघाटाच्या माथ्यावर आमचा चौक लागतो आणि तिथनं चार दिशांना चार मुलूख सुटतात. वरल्या अंगाला बीड, गेवराई, संभाजीनगर करत रस्ता थेट धुळ्याला जातो. खालच्या अंगाला चौसाळा, येरमाळा, तुळजापूर, सोलापूर. उगवतीला नेकनूर, केज, अंबाजोगाई. मावळतीला पाटोदा, जामखेड, नगर. शाळेत दिशा शिकवायला आमच्या मास्तरांना फळा लागला नाही. पोरांना चौकात उभं केलं की भूगोल संपला.

या चौकातल्या टपरीवर मी गेली तीसेक वर्षं सकाळचा चहा पितो. चहा निमित्ताला. खरं काम, थांबलेल्या गाडीला रस्ता सांगणं. गळ्यात तांबडा मफलर, हातात बशी, आणि गाडीची काच खाली व्हायच्या आत माझं बोट वर. या खात्याला पगार नाही, पण सुट्टीही मी कधी घेतली नाही. महामार्गाचा नंबर २११ होता तेव्हापासून मी कामावर आहे. पुढं सरकारनं तो ५२ केला, मी तोच राहिलो.

या कामाचा एकच नियम आहे: 'माहीत नाही' म्हणायचं नाही. विचारणारा लांबनं आलेला असतो, बिचाऱ्याला काहीतरी द्यावं. चौपदरीकरणाचं काम चालू होतं त्या दिवसांत तर मी नुसते रस्ते सांगत नव्हतो, बदलून देत होतो. "चौसाळ्याकडं धूळ लई हाय, केजवरनं जावा" असं सांगून किती गाड्या मी उगवतीला घातल्या, हिशेब नाही. पुढं त्यांचं काय झालं ते विचारायला कुणी परत आलं नाही. म्हणजे पोचल्याच असणार.

असा मी पुण्याला निघालो.

लेक कोथरूडला राहते. तिच्याकडं जायचं म्हणजे सीताफळं नेणं आलं. बालाघाटाच्या सीताफळाला सरकारनं भौगोलिक मानांकन दिलंय, त्यामुळं ती आता पिशवीत नेणं मला कमीपणाचं वाटतं. एक लाकडी खोकं भरलं, सुतळीनं बांधलं. डोळे उघडलेली, म्हणजे पिकायला आलेली, वरच्या थराला, कच्ची खाली. ही म्हणाली, "आगगाडीनं जाऊ की, आता बीडला आलीय." आता ही गोष्ट खरी. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडला रेल्वे आली. तिची वाट बघण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या. पण त्या गाडीसाठी मांजरसुंब्याहून उलटं बीडला जायचं, आणि ती नेऊन सोडणार नगरला. मी म्हणालो, "एवढी वर्षं आपण तिच्यासाठी थांबलो, आता थोडं तिला थांबू दे." एसटीनं पाटोदा, जामखेड, नगर करत निघालो.

लेकीनं फोनवर पाठ करून घेतलं होतं. "अप्पा, वाकडेवाडीला उतरा. रिक्षानं शिवाजीनगरच्या मेट्रोला या. तिथनं एकच स्टेशन, सिव्हिल कोर्ट. उतरलात की जिन्यानं वर, वर, वर यायचं. वरची गाडी वनाजची धरा. आनंदनगरला मी उभी आहे."

"एकच स्टेशन ना?" मी म्हणालो. "मला काय शिकवतीस? आपल्या खजाना विहिरीची भुयारं मी बघितलीत."

बघितलीत खरी, वरनं. बीडकडं जाताना रस्त्याच्या कडेला ती विहीर आहे. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. जमिनीच्या पोटातनं भुयारं काढून तिच्यात पाणी आणलंय, आणि पुढं तसंच भुयारानं शेतात नेलंय. ते पाणी चारशे वर्षं न विचारता बरोब्बर जागेवर पोचतंय. त्याच जिल्ह्याचा मी.

शिवाजीनगरला उतरल्यावर मात्र पहिला धक्का बसला. इथं आमचा स्टँड होता. मराठवाड्यातला निम्मा माणूस पुण्याला पहिल्यांदा इथंच उतरला. कुणी शिकायला, कुणी कारखान्यात, कुणी नुसताच बघायला. मेट्रोच्या कामासाठी २०१९ सरता सरता स्टँड वाकडेवाडीला हलवला हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. फलाट कुठं, चौकशीची खिडकी कुठं, मुतारीचा वास कुठनं यायचा, सगळं मला डोळे मिटून सांगता येत होतं. आता डोळे उघडल्यावर सांगता येईना. स्टँडच्या जागी जमिनीत जाणारा जिना होता.

खाली सामानाच्या तपासणीला खोकं यंत्रात घातलं. पडद्यावर बघणारी पोरगी एकदम ताठ झाली. गोल, खवल्याखवल्याचं, मुठीएवढं, आणि असं तीन थर. तिनं दुसऱ्याला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला. "काका, काय आहे यात?" मी म्हणालो, "भौगोलिक मानांकन." सुतळी सोडावी लागली. चांगली माणसं होती; वास आल्यावर हसली आणि परत बांधायला मदतही केली. गाठ मात्र शहरी पद्धतीची मारली. पुढं ती भोवली.

गाडी आली. आत गार, लख्ख, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मी खोकं दोन पायांत धरून कान टवकारून उभा. मला 'सिव्हिल कोर्ट' ऐकू यायला हवं होतं. दोनेक मिनिटांत आवाज आला: पुढील स्थानक, जिल्हा न्यायालय. गाडी थांबली. निम्मा डबा उठला.

ही म्हणाली, "अवो, समदे उतरायलेत."

"उतरू दे. त्यांच्या तारखा असतील."

"एवढ्या लोकांच्या?"

"पुणं हाय हे. इथं भाडेकरूचा दावा नातवापर्यंत चालतो."

दरवाजे लागले. त्या शुद्ध मराठी पाटीला मी आजही दोष देत नाही. सिव्हिल कोर्ट म्हणजेच जिल्हा न्यायालय हे ज्याला कळत नाही, त्यानं बांधाच्या भांडणापायी बीडच्या कोर्टात अकरा वर्षं काय केलं, असा प्रश्न हिनं पुढं आठवडाभर विचारला.

गाडी पुढं गेली. कसबा पेठ. मी घड्याळ बघितलं. एकच स्टेशन म्हणाली होती लेक, हे दुसरं झालं. मध्ये कुठंतरी डोक्यावरनं मुठा गेली. नदीच्या पात्राखालनं माणूस बसून जातो, आणि काचेत त्याला नदी नाही, स्वतःचंच तोंड दिसतं. माझ्या तोंडावर तेव्हा, हिच्या म्हणण्याप्रमाणं, पीक विमा नामंजूर झाल्याचा भाव होता. मी माहिती देऊन वेळ मारून नेली. म्हणालो, "हा बोगदा खणला ना, त्या यंत्रांना नद्यांची नावं दिली होती. मुळा, मुठा, पवना."

"आपल्या बोअरच्या गाडीला मांजरा नाव द्यायचं मग," ही म्हणाली. "पाणी तरी लागलं असतं."

मग मंडई. मग स्वारगेट, आणि तिथं सगळेच उतरले. एका गणवेशातल्या पोरानं नम्रपणे सांगितलं, "काका, शेवटचं स्टेशन."

"माहीत हाय," मी म्हणालो. "स्वारगेट बघायचं राहिलं होतं." आणि हिच्याकडं वळून, त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात, २०१९ साली इथं खोदताना जुनं भुयार सापडल्याची बातमी सांगायला लागलो. ही खोक्यावर बसली. आम्ही स्वारगेट बघितलं. जमिनीखालचं स्वारगेट बघण्यात जेवढं असतं तेवढं दोन मिनिटांत संपतं. मग परतीच्या गाडीत चढलो. जिल्हा न्यायालय आलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी दारात होतो. कोर्टात एवढ्या वक्तशीरपणे मी कधीच हजर झालो नव्हतो.

खाली पाऊल टाकलं आणि थबकलो. ऊन!

हे स्टेशन तेहतीस मीटर खोल आहे. देशातल्या सगळ्यात खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणती होते. तेहतीस मीटर म्हणजे पुण्याच्या माणसाला काही वाटणार नाही, पण आमच्याकडं खोली परसानं मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस, धरा सहा फूट. हे झालं अठरा परस. आमच्या शिवारात अठरा परस खणून ओलसुद्धा लागत नाही. यांना एसी लागला! आणि वरनं बांधणी अशी केलीय की छतातनं उजेड थेट तळापर्यंत उतरतो. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघावं तसा तो उजेड फलाटाशेजारी पडला होता.

मी मान वर करून बघत होतो, तेवढ्यात पाठीमागनं कुणी विचारलं, "पाव्हणं, स्वारगेटला कोणती गाडी जाती हो?"

वळून बघितलं. माझ्याच वयाचा माणूस, पांढरी टोपी, सोबत बायको, हातात दोन पिशव्या. गाडीची काच खाली होताना जे होतं ते माझ्या अंगात झालं. तीस वर्षांची सवय. तासभर मी या भुयारात अडाणी होतो, आता पुन्हा कामावर रुजू झालो. शिवाय प्रश्न सोपा होता. मी आत्ताच तर स्वारगेटहून आलो होतो! ज्या गाडीतनं उतरलो ती अजून दारं उघडी टाकून समोर उभी होती.

"हीच की स्वारगेटची गाडी!" मी म्हणालो. "पळा. दारं लागतील."

ते पळाले. माणूस आत जाऊन हात जोडता जोडता दार लागलं. गाडी सुटली. मी हात हलवला. मोठं समाधान वाटलं.

ही म्हणाली, "अवो, ती स्वारगेटहून आली ना?"

"मग? म्हणजे स्वारगेटचीच."

"म्हंजी आता ती स्वारगेटला कामून जाईल?"

एसटीत ही भानगड नाही. एसटीच्या कपाळावर पाटी असते, आणि ती वाचून माणूस चढतो. इथंही पाटी असते म्हणे, पण गाडीच्या तोंडाला. आणि आपण उभे असतो तिच्या बरगडीशी. फलाटावर टांगलेल्या पाट्यांवर सगळं लिहिलं होतं, हेही खरं. पण रस्ता सांगणारा माणूस पाट्या वाचायला लागला तर त्याची पत काय राहिली? मी विषय बदलला. "चल, वर जायचंय."

वर जाणं हे या स्टेशनात एक स्वतंत्र गाव गाठण्यासारखं आहे. पिंपरी-स्वारगेटची जांभळी मार्गिका इथं जमिनीच्या पोटात, आणि वनाज-रामवाडीची दुसरी मार्गिका रस्त्याच्याही वर, खांबांवर. म्हणजे अठरा परस चढून जमिनीला लागायचं, आणि मग आणखी माडी चढायची. सरकत्या जिन्याला मी भ्यालो नाही, हे मुद्दाम नोंदवतो. अशा लेखात माणूस जिन्याला भितोच, अशी वाचकाची अपेक्षा असते. मी ऐटीत उभा राहिलो. एक जिना संपला. मधल्या मोकळ्या जागेत आलो. तिथं बाण होते. वनाज, रामवाडी, डावीकडं.

इथं माझं डोकं फिरलं. पुण्यात सगळं डावीकडं आणि उजवीकडं सांगतात. दारं डाव्या बाजूला उघडतील, उजव्या बाजूनं चाला. अरे, माणूस वळला की त्याचं डावं-उजवं वळतं, दिशा कधी वळते का? कोथरूड पुण्याच्या मावळतीला आहे, हे अख्ख्या जगाला ठाऊक आहे. मग मावळत शोधायची, आणि चालायला लागायचं. दुपारचा एक वाजून गेला होता. ऊन कलतीला लागलं, म्हणजे ते मावळतीकडनंच आत येणार. उजेड जिकडनं येतो तिकडं कोथरूड. हे गणित मी तिथंच, मध्येच उभं राहून, हिला समजावून सांगितलं. माणसं आमच्या दोन्ही अंगांनी वाहत होती.

"बाण तिकडं दावतोय," ही म्हणाली.

"बाण माणसानं काढलाय. सूर्य कुणी काढला?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. आम्ही उजेडाकडं निघालो. बरंच चाललो. एक जिना दिसला, तो खाली जात होता. मी म्हणालो, घाटात रस्ता वर चढायच्या आधी एकदा खाली उतरतोच. उतरलो. मग आणखी एक. खाली आलो, तर समोर फलाट. मला बरं वाटलं. तसाच गार, तसाच लख्ख, तसाच वरनं उजेड. "बघ," मी म्हणालो, "वनाजचा फलाट. केवढा सारखा बांधलाय!"

खांबाजवळ फरशीवर एक सीताफळ पडलं होतं.

"पुण्यातबी सीताफळं खातेत की," मी म्हणालो.

ही वाकली, सीताफळ उचललं, उलटं करून देठ बघितला. मग खोक्याची सुतळी बघितली. गाठ सुटून एक कोपरा उघडा पडला होता. "आपलंच हाय," ती म्हणाली. "मघा हितं खोकं टेकवलं होतं तुमी." थोडं थांबून, आवाज न चढवता, पुढं म्हणाली, "आन् कार्तिकात ऊन दखनेकडनं येतंय. वाळवण मी घालते घरात, तुमी न्हाई."

खरं होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं, उसाच्या सरी कशा पाडायच्या ते तो त्यावरनं ठरवतो. मलाही माहीत होतं. वर, जमिनीवर. अठरा परस खाली आल्यावर ते डोक्यातनं कसं गळालं, सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला उगवत कुठं हे कळत नव्हतं. हसायला सोपी गोष्ट आहे, पण त्या दोन मिनिटांत मी खरोखर घाबरलो. चौकात रोज माझ्यासमोर गाडी थांबवून काच खाली करणारा माणूस किती घाबरलेला असतो, ते मला पहिल्यांदा दिसलं. आणि त्याला मी काय काय सांगितलं होतं, तेही आठवायला लागलं.

फोन वाजला. लेक. "अप्पा, कुठं आहात?"

"पोचतोच आहे."

"पण कुठं?"

"कोर्टात," मी म्हणालो, आणि ठेवून दिला.

तेवढ्यात समोर गाडी येऊन थांबली. दारं उघडली, आणि पहिल्या दारातनं पांढरी टोपी उतरली. मागनं बायको. दोन पिशव्या. मी खांबाच्या आड व्हायला गेलो, पण आमचं खोकं खांबापेक्षा रुंद होतं.

"अहो पाव्हणं!" तो म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो चक्क आनंदला. एवढ्या अनोळखी जागेत ओळखीचा चेहरा दिसला ना! "तुमी अजून हितंच?"

"म्हणलं, तुमी नीट गेलात का बघावं," मी म्हणालो.

"नाही हो. उलटी निघाली की गाडी. खडकीला उजेड दिसला तवा कळलं. एका पोरीनं परतीच्या गाडीत बसवलं, म्हणली, हीच सरळ जाती स्वारगेटला. पण कोर्ट आलं, आन् हिनं वळखलं तुमाला काचेतनं. म्हणलं, उतरून सांगावं, नाहीतर अजून कुणाला तुमी त्याच गाडीत घालाल." आणि तो मनापासून हसला. "तुमाला कुठं जायचंय?"

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "वनाजच्या गाडीला. तासाभरापासनं हुडकायलोत."

"अरे, आमी तिकडनंच आलो ना मघा, रेल्वे टेशनावरनं. हे असं वर जावा, बाण दिसंल डावीकडं, बाण सोडू नका." एवढं नेमकं, एवढं कमी बोलून, कुणी रस्ता सांगितलेला मी बघितला नव्हता. मला त्या माणसाचा हेवा वाटला. ही त्याच्या बायकोला दोन सीताफळं काढून देत होती.

"फळं झाक हायेत," तो म्हणाला. "कुठले तुमी?"

मांजरसुंबा हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. आयुष्यभर तो मी छाती काढून उच्चारला. पण समोर टोपी होती, पिशव्या होत्या, खडकीपर्यंत जाऊन आलेली त्याची बायको होती. गावाची अब्रू मोठी असते.

"नेकनूर," मी म्हणालो.

हिनं माझ्याकडं बघितलं.

"नेकनूर म्हंजी मांजरसुंब्याच्या पल्याड!" तो म्हणाला. "आमी शेवगावचे. त्या मांजरसुंब्यानं आमाला एकदा लई फिरवलं. तुळजापूरला निघालो होतो, नवी गाडी घेतली होती पोरानं. सरळ रस्ता होता, पण चौकात एकाला विचारलं. तो म्हणला, चौसाळ्याकडं धूळ लई हाय, केजवरनं जावा. गेलो. गेलो ते अंबाजोगाईला! हिनं मग तितंच योगेश्वरीची ओटी भरली, म्हणली, हीबी देवीच हाय. तुळजापूरला पोचाय रात झाली, देऊळ बंद. गाडीतच झोपलो."

"कोण होता?" हिनं विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"आता चेहरा कुठं आठवतोय एवढ्या सालाचा. टपरीवर बशी घेऊन बसला होता." त्यानं डोळे बारीक करून आठवलं. "मफलर होता गळ्यात. तांबडा."

स्वारगेटची गाडी आली. ती खरोखरच स्वारगेटला जाणारी होती, कारण ती दोघं पाटी वाचून तिच्यात चढली. दार लागेपर्यंत तो काचेतनं मला बोटानं दाखवत होता: वर, डावीकडं, बाण. मी मान हलवत होतो आणि दुसऱ्या हातानं मफलरची गाठ सोडत होतो. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा मफलर खोक्यात, सीताफळांच्या खाली पोचला होता.

"राहू द्या की गळ्यात," ही म्हणाली. "थंडी वाजंल."